कथलाच्या खाणींवरून एक दिवसाची वाट : कॉर्नवॉलमध्ये पोर्थटावन ते पेरनपोर्थ कसं चालावं

इंग्लंडमध्ये नवीन आलेली आपली माणसं सुट्टीत लंडन, एडिंबरा आणि लेक डिस्ट्रिक्ट उरकतात. कॉर्नवॉलला जाणारेही बहुतेक लँड्स एंडच्या पाटीशी फोटो काढून परततात. त्याच कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंट ॲग्नेस गावाच्या दोन्ही बाजूंना, साधारण १३ किलोमीटरची एक वाट आहे. एका बाजूला अटलांटिक, पायाखाली कडे, मध्ये खाली उतरून जाणाऱ्या पुळणी आणि जागोजागी कथील-तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींची इंजिनघरं. मी ही वाट चार वेळा चालले आहे. पहिल्या वेळी जवळजवळ सगळं चुकलं: दिशा चुकली, भरतीची वेळ चुकली आणि परतीची बस अॅपमध्ये दिसत राहिली पण आली नाही. सत्तर मिनिटं पावसात थांब्यावर उभं राहिल्यावर ठरवलं, की पुढच्या माणसासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं.

या वाटेला परवाना, तिकीट, नोंदणी काही लागत नाही. साऊथ वेस्ट कोस्ट पाथ या माइनहेडपासून पूलपर्यंत जाणाऱ्या ६३० मैलांच्या पायवाटेचा हा एक तुकडा आहे. वाटेवर खांबांवर ओकच्या फळाची, म्हणजे एकॉर्नची खूण दिसते. ती दिसत राहिली की आपण बरोबर आहोत.

१. आधी पंचांग बघा, मग कॅलेंडर

लोक आधी शनिवार ठरवतात आणि मग हवामान बघतात. इथे सुरुवात भरती-ओहोटीपासून करायची, कारण वाटेतली सगळ्यात सुंदर पुळण, चॅपल पोर्थ, भरतीला जवळपास नाहीशी होते. ओहोटीला तिथे रुंद, ओली, चकाकणारी वाळू असते. भरतीला कड्याच्या पायथ्याशी गोटे आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा, एवढंच उरतं.

कोकणातल्यांना तिथीवरून भरती काढायची सवय असते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास. माझ्या सासूबाई गुहागरच्या. त्यांनी इथे येऊन हाच हिशेब लावला आणि तो नेमका उलटा निघाला. कॉर्नवॉलच्या या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि ओहोटी भर दुपारी, उन्हाळी घड्याळाने साडेबारा-एकच्या आसपास. आपल्याला हवं तेच. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त वर चढतं तसं जास्त खालीही जातं, म्हणून अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस या वाटेला उत्तम. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसं मागे हटत नाही. तेव्हा वाळूवरून जायचा विचार सोडा आणि कड्यावरूनच चाला.

तिथीवरून फक्त दिवस निवडायचा. नेमकी वेळ त्या दिवसाच्या छापील किंवा ऑनलाइन भरती-तक्त्यावरूनच घ्यायची. पेरनपोर्थ किंवा न्यूक्वेचा तक्ता चालतो. इथे एक सापळा आहे. काही तक्ते वर्षभर ग्रीनिच वेळेनेच छापलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा त्या आकड्यात एक तास मिळवावा लागतो. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा वाचलं नव्हतं.

महिन्यांचं म्हणाल तर मे-जून मला सगळ्यात आवडतात. कड्यांच्या कडेला थ्रिफ्टची गुलाबी गोंड्यासारखी फुलं असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये जांभळं हेदर आणि पिवळं गॉर्स एकत्र फुलतं, सगळी टेकडी रंगते, पण गर्दी आणि भाडी दोन्ही डोक्यावर बसतात. सप्टेंबर शांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नवख्याने जाऊ नये, सव्वाचार-साडेचारलाच दिवस मावळायला लागतो.

२. दिशा : पोर्थटावनहून पेरनपोर्थकडे

बरीच मार्गदर्शकं कोस्ट पाथच्या अधिकृत क्रमाने, म्हणजे पेरनपोर्थकडून खाली नेतात. मी उलट जायला सांगते, आणि त्याला तीन कारणं आहेत. इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. पोर्थटावनहून निघालात तर तो पाठीशी राहतो, उलट गेलात तर दिवसभर तोंडावर. दुसरं, दुपारनंतर सूर्यही पाठीमागे असतो, त्यामुळे पुढचे कडे आणि खाणी उजेडात दिसतात. तिसरं कारण भरतीचं: पुळणीचा भाग सुरुवातीलाच येतो, त्यामुळे पाणी मागे हटत असताना तुम्ही वाळूवर असता. पाणी चढत असताना वाळूवर असणं हीच या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी चूक.

शेवटी पेरनपोर्थ येतं हेही बरंच. तिथून बस जास्त, खायला जागा जास्त.

३. काय काय लागेल

कागदपत्रांची यादी छोटीच आहे. रेल्वेचं तिकीट आणि रेलकार्ड. दोघं मिळून जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच. लंडनच्या आसपास राहणाऱ्यांकडे नेटवर्क रेलकार्ड असतं. ते कॉर्नवॉलला चालत नाही, हे तिकीट तपासनीस आल्यावर कळू नये. रेलकार्ड फोनमध्ये असेल तर फोनची बॅटरी हेच तुमचं कागदपत्र, म्हणून पॉवर बँक.

नकाशा कागदी घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १०४, त्यात रेड्रूथपासून सेंट ॲग्नेसपर्यंतचा भाग येतो. फोनमध्ये नकाशा डाउनलोड केलेला असू दे, पण दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. भरतीच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा.

पायात घोट्यापर्यंतचे, तळाला खाचा असलेले बूट. पोर्थटावनच्या वाळूवर चपला चालतील, पण पुढे लागणाऱ्या ट्रेव्हेलस दरीच्या चढावर भुसभुशीत दगड आहेत. अंगावर वारा अडवणारं जाकीट. छत्री तिथे पहिल्या दहा मिनिटांत उलटी होते. जून असला तरी एक गरम थर. पाणी माणशी दोन लिटर. लांब पँट, कारण उन्हाळ्यात नेचे आणि गवत यांत गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचंच.

खाणं म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रव्याचे लाडू नेते. लाडू वाऱ्यात उडत नाहीत आणि चढावर लगेच बळ देतात.

एक काम आदल्या दिवशी करून टाका: फोनवरून ९९९ या क्रमांकाला इंग्रजीत फक्त 'रजिस्टर' हा शब्द एसएमएस करा आणि आलेल्या उत्तरातल्या सूचना पाळा. मग संकटात फोन लागला नाही तरी एसएमएसने मदत मागता येते. फोन लागला तर ९९९ लावून 'कोस्टगार्ड' मागायचं, पोलीस किंवा अँब्युलन्स नाही. कड्यावरून किंवा पुळणीवरून माणूस काढण्याचं काम तेच करतात.

४. पोचायचं कसं

लंडनच्या पॅडिंग्टनहून कॉर्नवॉलची गाडी. रेड्रूथ किंवा ट्रुरो, दोन्ही मुख्य मार्गावर आहेत. मी एकदा रात्रीच्या नाइट रिव्हिएरा या स्लीपर गाडीने गेले: रात्री निघायचं, सकाळी रेड्रूथला उतरायचं. त्याच दिवशी चालायला सुरुवात करता येते आणि हॉटेलची एक रात्र वाचते. ही गाडी शनिवारी रात्री नसते, तेव्हा शुक्रवारी रात्री निघून शनिवारी चालणं जमतं.

रेड्रूथहून पोर्थटावनला टॅक्सी करा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बसने जमवायचा प्रयत्न मी केला होता. सकाळच्या वेळी तिकडे बस कमी आणि रविवारी आणखी कमी. परतीला पेरनपोर्थहून ट्रुरोला बस मिळते, पण उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक वेगळं असतं, आणि अॅपवर दिसणारी प्रत्येक बस येतेच असं नाही. शेवटच्या बसवर कधीही विसंबू नका. शेवटच्या आधीची बस आपली मानायची.

गाडीने जाणारे गाडी पेरनपोर्थला लावून सकाळी टॅक्सीने पोर्थटावनला जातात. तेही चांगलं, कारण मग संध्याकाळी घाई राहत नाही.

५. पहिला टप्पा : वाळूवरून चॅपल पोर्थ (सुमारे २ किमी)

पोर्थटावनच्या पुळणीवर ओहोटीच्या दोन तास आधी हजर राहा. ओहोटी साडेबाराला असेल तर साडेदहाला. पाणी तेव्हा अजून बरंच जवळ असतं. पंधरा-वीस मिनिटं बसा, चहा घ्या, आणि बघा: लाट येते तिथे एक खडा ठेवून दहा मिनिटांनी कुठवर पाणी मागे गेलं ते पाहा. पाणी खरंच उतरतंय याची डोळ्यांनी खात्री करायची, नुसत्या तक्त्यावर नाही.

पुढचा कडा मोकळा झाला की उजवीकडे कडे ठेवून निघा. इथे कड्यांत गुहा आहेत, काही नैसर्गिक, काही जुन्या खाणींची तोंडं. आत जाऊ नका. दगड सुटे असतात आणि आतल्या जमिनीत पाण्याने भरलेल्या विहिरी, म्हणजे खाणीचे खोल उभे खड्डे, असू शकतात. दगडांवर हिरवट निळे ओघळ दिसतील. ते शेवाळ नसून तांबं आहे. आजीच्या घासायच्या राहिलेल्या तांब्याच्या घंगाळावर चढतो तोच रंग.

मधल्या भागात कड्यावर चढायला वाट नाही, हे चांगलं लक्षात ठेवा. म्हणून माझा नियम असा: ओहोटीची वेळ होईपर्यंत मी चॅपल पोर्थला पोचलेली असले पाहिजे. उशीर झाला, लाटा मोठ्या असल्या किंवा भांगाचे दिवस असले तर सरळ पोर्थटावनहून कड्यावरच्या वाटेने जायचं. ती वाट सुंदरच आहे, व्हील शार्लट या खाणीच्या अवशेषांवरून जाते. त्यात गमावण्यासारखं काही नाही. पुळणीवर अडकलेल्या माणसाकडे मात्र समुद्र कमी होण्याची वाट बघण्यासाठी जागाच उरत नाही.

पोहायचं असेल तर जीवरक्षक असतील तेव्हाच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा सर्फिंगवाल्यांसाठी असतो.

चॅपल पोर्थला स्वच्छतागृह आणि छोटा कॅफे आहे. इथलं हेजहॉग आइस्क्रीम प्रसिद्ध: आइस्क्रीमवर घट्ट क्लॉटेड क्रीम आणि त्यावर भाजलेल्या हेझलनटचा थर. मुलं बरोबर असतील तर आधीच नाव सांगून ठेवा, पहिल्या चढाला बळ येतं.

६. व्हील कोट्स : इथे घाई करू नका

चॅपल पोर्थहून वीस-पंचवीस मिनिटं चढलं की कड्याच्या मध्यावर, समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं, व्हील कोट्स खाणीचं टावनरोथ इंजिनघर दिसतं. कॉर्नवॉलच्या कॅलेंडरांवर असतं तेच. बहुतेक लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मी म्हणते निदान अर्धा तास थांबा, आणि आधी ते कशासाठी होतं हे समजून घ्या.

'व्हील' म्हणजे चाक नव्हे. कॉर्निश भाषेत कामाची जागा, खाण. या खाणीत कथील आणि थोडं तांबं निघायचं. खाण खोल गेली की पाणी भरतं, आणि पाणी उपसल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. टावनरोथचं इंजिनघर १८७२ मध्ये बांधलं ते याच कामासाठी. शेजारची विहीर सुमारे १८० मीटर खोल, म्हणजे समुद्राच्या पातळीच्याही बरीच खाली.

इमारतीकडे नीट बघा. तीन भिंती साध्या आणि एक भलतीच जाड. त्या जाड भिंतीवर लोखंडी तुळई झोपाळ्यासारखी टेकलेली असायची. आतलं टोक वाफेच्या दट्ट्याला जोडलेलं, बाहेरचं टोक विहिरीवर लोंबणारं. वाफेने आतलं टोक खाली खेचलं की बाहेरचं वर, आणि त्याला जोडलेले लांबलचक दांडे विहिरीत वर-खाली. आपल्याकडची मोट आठवा, बैलांच्या जागी वाफ. शेजारच्या धुराड्याचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. एकदा ही जाड भिंत ओळखता आली की पुढच्या प्रत्येक अवशेषात विहीर कुठल्या बाजूला होती हे तुम्हाला आपोआप कळतं.

आत जमिनीवर लोखंडी जाळी आहे. वाकून कान लावला की खूप खालून समुद्राचा आवाज येतो: आधी एक दबका धक्का, मग थोडी शांतता, मग पाणी ओढलं जाण्याचा लांब श्वासासारखा सूर. सासूबाई त्या जाळीशी बराच वेळ उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, इथून कथील काढायचे." त्या म्हणाल्या, "म्हणजे आपली कल्हई! अगं, गणपतीच्या आधी दारात कल्हईवाला यायचा. नवसागर टाकला की धूर व्हायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं." कथील म्हणजे कल्हई, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. तरी त्या जाळीपाशी ते पहिल्यांदा कळलं. आमच्या पातेल्यांचं कथील कुठलं होतं कोण जाणे, पण ते काढायलाही कोणीतरी असंच खाली उतरलं असणार.

वरच्या बाजूला आणखी दोन इंजिनघरं आहेत. एक खनिज वर ओढायला, एक ते कुटायला. कुटायची यंत्रं म्हणजे ओळीने उभी केलेली लोखंडी मुसळंच. त्यापूर्वीचं हातोड्याने फोडायचं काम बायका करायच्या. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. इथे 'बाल' म्हणजे खाण, आपलं बालपणाचं बाल नव्हे, पण त्यांत दहा-बारा वर्षांच्या मुलीही असत. ही खाण १८८९ मध्ये बंद पडली, १९११ मध्ये पुन्हा उघडली आणि दोन-तीन वर्षांत कायमची संपली. कथलाचे भाव पडले की गावंच्या गावं बाहेर पडायची. कॉर्निश खाणकामगार ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले; आणि जॉन टेलर अँड सन्सने कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवायला घेतल्या तेव्हा आपल्या शेजारच्या म्हैसूर संस्थानातही आले. हे सगळं खाणक्षेत्र २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं.

आता इशारे. एक, भिंतींवर चढू नका. दोन, वाट सोडून झुडपांत शिरू नका. या टेकड्यांवर जुन्या विहिरी आहेत. काहींवर उलट्या टोपलीसारखी लोखंडी जाळी दिसेल. माणूस पडू नये आणि आत राहणारी वटवाघळं मात्र ये-जा करू शकावीत म्हणून ती बसवलेली असते. तीन, जिथे गवतसुद्धा उगवत नाही असे लालसर-करडे ढीग दिसले तर मुलांना तिथे खेळू देऊ नका. कथलाच्या खनिजात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, असायचा. भट्टीत भाजून तो वेगळा करत, आणि तशी एक भट्टी इथेही होती. त्या मातीत तो अजून असू शकतो. खाण्याआधी हात धुवा. कामगार पेस्टीची, म्हणजे करंजीसारख्या सारण भरलेल्या पदार्थाची, जाड कड धरून मधलं खायचे आणि सोमल लागलेल्या बोटांनी धरलेली कड टाकून द्यायचे, असं इथे सांगतात.

७. सेंट ॲग्नेस हेड ते ट्रेव्हॉनन्स : जेवणाचा टप्पा

इथून वाट जवळपास सपाट आहे. हेदरमधून चालत सेंट ॲग्नेस हेडला यायचं. टोकाशी स्वयंसेवक चालवतात ती टेहळणी चौकी आहे आणि समोर समुद्रात बॉडन रॉक्स हे दोन खडक. मे-जूनमध्ये कड्यांवर किटिवेक आणि फुलमार पक्ष्यांची वस्ती असते. त्यांना बघायला कडेवर जाऊ नका, कड्याच्या काठाची माती खालून पोकळ झालेली असू शकते. मी वाऱ्याच्या दिवशी काठापासून निदान पाच पावलं दूर चालते, आणि ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर जातच नाही.

गॉर्सच्या कडेला उन्हात एखादा साप पडलेला दिसला, पाठीवर नागमोडी पट्टा असला, तर तो ॲडर. ब्रिटनमधला एकमेव विषारी साप. थांबा, तो स्वतःच निघून जातो.

मग उतार, आणि ट्रेव्हॉनन्स कोव्ह. या छोट्या पुळणीच्या डाव्या अंगाला मोठमोठे चौकोनी दगड विस्कटून पडलेले आहेत. ते बंदर होतं. याच जागी पुन्हा पुन्हा धक्के बांधले गेले आणि समुद्राने पुन्हा पुन्हा मोडले. सगळ्यात जास्त टिकलेलं १७९० च्या दशकातलं, ते १९१५-१६ च्या सुमारास वादळांत गेलं. वेल्सहून इंजिनांसाठी कोळसा यायचा, इथून तांब्याचं खनिज तिकडे जायचं. त्या दगडांवर बसून जेवायला मला फार आवडतं.

पेस्टी घ्यायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगते, कारण पाहुण्यांबरोबर हे झालेलं आहे. 'कॉर्निश पेस्टी' या नावाला २०११ पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि त्या नावाने जी मिळते तिच्यात गोमांस असतंच, बटाटा, कांदा आणि स्वीड या कंदाबरोबर. आकार करंजीचा, कडेला मुरड घातलेली, त्यामुळे आपला हात आपोआप जातो. खात नसाल तर 'चीज अँड अनियन' स्पष्ट मागा आणि पिशवीवरचं लेबल वाचा.

पाय दुखत असतील किंवा हवा बिघडली असेल तर इथेच थांबा. वर सेंट ॲग्नेस गावात बस मिळते. अर्धी वाट नीट बघितलेली बरी.

८. ट्रेव्हेलसचा चढ आणि क्लिगा

ट्रेव्हॉनन्सहून पुढे लगेच एक खडा चढ, मग ट्रेव्हेलसच्या दरीत उतार आणि पुन्हा तसाच चढ. दिवसातलं सगळ्यात दमवणारं काम हेच. सावकाश करा. दरीत ब्लू हिल्सचं इंजिनघर उभं आहे आणि तिथेच आजही जुन्या पद्धतीने, पाण्याच्या चाकावर मुसळं चालवून थोडं कथील काढतात. हंगामात लोकांना आत सोडतात. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण दुपारी उशिरा पोचलात तर फाटक बंद असतं.

वर आलं की दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ लागतो, १९४१ चा. स्पिटफायर विमानांना बाँबपासून वाचवायला केलेले मातीचे बांध वाटेवरून दिसतात. धावपट्टी अजून वापरात आहे, म्हणून वाट सोडायची नाही.

मग क्लिगा हेड. इथलं वातावरण वेगळंच आहे. हिरवळ संपते, जमीन करडी-तांबडी, आणि कड्याला उभे पट्टे, कुणीतरी रंगाचे फराटे ओढावेत तसे. पांढुरक्या ग्रॅनाइटमध्ये खनिजांच्या शिरा उभ्या घुसलेल्या आहेत. इथे १८९० च्या दशकात स्फोटकांचा कारखाना होता, नंतर तो नोबेलच्या कंपनीकडे गेला. वस्तीपासून दूर, समुद्राच्या टोकावर, एक इमारत उडाली तर दुसरी वाचावी म्हणून विखरून बांधलेला. आता जोती, तुटक्या भिंती आणि बांध उरलेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलादाला लागणारं टंगस्टन आणि कथील याच टोकातून काढलं. १९४५ मध्ये तेही थांबलं. आडोशाला एखादा खडा हातात घेऊन बघा, त्यात अभ्रकाचे कण चमकतात. बरोबर मात्र काही नेऊ नका, ही संरक्षित जागा आहे. इथेही जाळीच्या टोपल्या भरपूर आहेत. धुकं उतरलं तर क्लिगावर फाटे शोधत फिरू नका, समुद्र डावीकडे ठेवून खुणेच्या वाटेनेच पुढे सरका.

आणि एक सर्वसाधारण गोष्ट: कडे ढासळतात म्हणून वाट दरवर्षी थोडी आत सरकवतात. फोनमधला जुना माग आणि समोरची पाटी यांत फरक दिसला तर पाटीचं ऐका.

९. पेरनपोर्थ

क्लिगानंतर अर्ध्या-पाऊण तासात खाली तीन किलोमीटर लांब पुळण उघडते. संध्याकाळपर्यंत भरती चढायला लागलेली असेल, तेव्हा दगडी कमानींखाली रेंगाळू नका, वरच्या वाटेनेच गावात उतरा. उतरण्याआधी ड्रॉस्किन टोकावर २००० सालानिमित्त उभारलेलं दगडी सूर्यघड्याळ आहे. ते इथली खरी सूर्यवेळ दाखवतं, ग्रीनिचपेक्षा सुमारे वीस मिनिटं मागे. बसच्या वेळेसाठी मनगटावरच्या घड्याळाकडेच बघा.

पेरनपोर्थ हे नाव सेंट पिरनचं. कथील खणणाऱ्यांचा संत. त्याच्या चुलीतल्या काळ्या दगडातून तापल्यावर पांढरं कथील क्रॉसच्या आकारात वाहिलं, अशी कथा आहे, आणि कॉर्नवॉलच्या काळ्या झेंड्यावरचा पांढरा क्रॉस तोच. गावात तो झेंडा दुकानांवर फडकताना दिसेल. मी सासूबाईंना तो दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की चुलीवर काय ठेवलं होतं त्याने.

बूट थांब्यावरच झटका, कपड्यांवरून गोचिडीसाठी हात फिरवा, ओले मोजे वेगळ्या पिशवीत टाका. ट्रुरोची बस पकडायला दहा मिनिटं आधी उभे राहा आणि लांबूनच हात करा, इथल्या बसा हात न करणाऱ्यासाठी थांबतीलच असं नाही.